समुद्रकाठच्या शहरात सहा रात्री: हात कुठे सैल सोडावा?

पाऊलवाट (प्रश्न)

आमच्या लग्नाला 25 वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने आम्ही दोघे आणि माझी 74 वर्षांची आई समुद्रकाठच्या एका मोठ्या शहरात सहा रात्री राहणार आहोत. आजवरच्या आमच्या सगळ्या सहली काटकसरीतच झाल्या. या वेळी काही रक्कम मुद्दाम बाजूला ठेवली आहे आणि ती मोकळ्या मनाने खर्च करायची आहे, परंतु सहाही रात्री समुद्रालगतच्या पंचतारांकित हॉटेलात काढता येतील एवढी ती नाही.

त्यामुळे प्रश्न असा की, साध्या पण स्वच्छ हॉटेलात राहून ती रक्कम बोट, जाणकार वाटाड्या आणि एखादे उत्तम जेवण यांसाठी वापरावी, की दोन-तीन रात्री का होईना, खरोखर आलिशान ठिकाणी राहावे? आईला फार चालवत नाही आणि खोलीतून समुद्र दिसावा एवढीच तिची इच्छा आहे. ज्यांनी असा खर्च स्वतः केला आहे, त्यांनी कुठले पैसे सार्थकी लागले आणि कुठले वाया गेले, हे कृपया सविस्तर लिहावे.

उधाण

आईंची इच्छा एकच असेल, तर हॉटेलाच्या नावाआधी खोलीचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन. ‘सी-व्ह्यू’ या शब्दाचा अर्थ समुद्र कुठून तरी दिसतो एवढाच असू शकतो; बाल्कनीच्या कठड्यावरून मान वळवल्यावर दोन इमारतींच्या फटीत दिसणारी निळी रेघही त्यात बसते. ‘सी-फेसिंग’ म्हटले तरी मधून रहदारीचा मोठा रस्ता जात असू शकतो. फ्रान्समधल्या नीस शहरातले नेग्रेस्को हे 1913 चे हॉटेल जगप्रसिद्ध आहे, पण त्याच्या आणि समुद्राच्या मध्ये शहराचा किनारी रस्ता आहे. पत्त्यावरही विसंबू नये. सिंगापूरचे रॅफल्स हॉटेल 1887 मध्ये सुरू झाले तेव्हा समुद्र जवळ होता. पुढे भराव घालून तो दूर सारला गेला आणि आज रस्त्याचे नाव ‘बीच रोड’ असूनही समोर किनारा नाही. म्हणून बुकिंगपूर्वी नकाशावर इमारत शोधावी, खोली कोणत्या बाजूला उघडते हे हॉटेलला पत्र लिहून विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

दुसरी गोष्ट दिशेची. कोलंबोच्या गॉल फेस हॉटेलसमोर (ते 1864 पासून चालू आहे) पश्चिमेचा समुद्र आहे, त्यामुळे सूर्यास्त थेट पाण्यावर होतो. ब्राझीलमधल्या रिओच्या कोपाकबाना पॅलेस हॉटेलसमोरचा किनारा मात्र आग्नेयेकडे तोंड करून आहे. तिथे संध्याकाळी सूर्य पाठीमागे शहरात मावळतो. आईंना पहाटे जाग येत असेल, तर पूर्वेकडचा किनारा त्यांना अधिक आनंद देईल. ही माहिती फुकट मिळते आणि खोलीचे मोल मात्र तिनेच ठरते.

मजल्याबद्दलही थोडे लिहितो, कारण वरच्या मजल्यासाठी जास्त पैसे मागितले जातात. डोळ्यांची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ 3.57 ने गुणले, की क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते ढोबळमानाने कळते. वाळूत उभ्या असलेल्या माणसाला ते सुमारे 5 किलोमीटरवर असते, 9 मीटर उंचीवरून सुमारे 11, तर 49 मीटरवरून 25. म्हणजे वर गेल्यावर समुद्र विस्तीर्ण दिसतो यात शंका नाही, परंतु लाटांचा आवाज, ओल्या वाळूचा वास आणि पाण्याकाठी चाललेली माणसे या गोष्टी दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच हाताशी राहतात. मी दोन्ही अनुभवले आहे आणि यापुढे वरच्या मजल्यासाठी जादा पैसे देणार नाही.

निवांत

मी तुमच्याच पेचात होतो. तेव्हा चार रात्री साध्या हॉटेलात आणि शेवटच्या दोन रात्री समुद्रालगतच्या उत्तम हॉटेलात अशी विभागणी केली आणि ती फार समाधानाची ठरली. शहर पाहायचे असते ते दिवस बाहेरच जातात. खोलीत आपण केवळ झोपायला येतो. त्या दिवसांत आलिशान खोलीचे भाडे भरणे म्हणजे बंद खोलीचे भाडे भरणे होय. शेवटचे दोन दिवस मात्र काहीही न पाहता हॉटेलातच घालवावेत.

हे सुख शेवटीच का, यामागेही कारण आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांनी एकदा 14 अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिनिटभर हात बुडवला आणि एकदा तितकाच वेळ बुडवून, पाण्याचा गारठा किंचित कमी होत असताना आणखी अर्धा मिनिट तसाच ठेवला. यांपैकी कोणता अनुभव पुन्हा घ्याल असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला पण सुसह्य शेवट असलेला दुसरा निवडला. प्रयोग त्रासाचा होता हे खरे, पण शेवट आठवणीवर किती भार टाकतो ते त्यातून दिसते. आलिशान हॉटेलातून साध्या खोलीत गेल्यावर तीच साधी खोली आपल्याला खुपू लागते, हे तर मी स्वतः पाहिले आहे.

एका खर्चाची मात्र मनापासून शिफारस करतो, तो म्हणजे शेवटच्या दिवशी उशिरा खोली सोडण्याची मुभा. परतीचा प्रवास रात्रीचा असेल आणि खोली दुपारीच रिकामी करावी लागली, तर 74 वर्षांच्या व्यक्तीला सामानासह लॉबीत ताटकळावे लागते. त्या सहा-सात तासांसाठी दिलेले पैसे मला आजवर कधीही जड वाटले नाहीत.

वाळूघड्याळ

निवांत यांचे बहुतेक म्हणणे पटते, तरी एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. वृद्ध व्यक्ती सोबत असताना हॉटेल बदलणे हे वाटते तितके सोपे नसते. सामान बांधणे, नवी खोली तयार होईपर्यंत थांबणे, पुन्हा औषधे-कपडे लावणे यांत अर्धा दिवस सहज जातो आणि रात्री नव्या न्हाणीघरात पाय घसरण्याची भीती असते ती वेगळीच. सहाही रात्री मध्यम दर्जाच्या, पण लिफ्ट असलेल्या आणि समुद्र खरोखर समोर असलेल्या एकाच हॉटेलात राहण्याचा पर्याय तुम्ही जरूर तपासावा. ताऱ्यांच्या संख्येला मी फार महत्त्व देत नाही, कारण साऱ्या जगाला लागू होईल असे एकच प्रमाण नाही. तारे बहुधा सोयी मोजतात; खिडकीबाहेर काय आहे ते मोजत नाहीत.

‘खाजगी किनारा’ या शब्दासाठीही जादा पैसे देण्याआधी चौकशी करावी. अनेक देशांत किनारा सर्वांचा असतो. ब्राझीलमध्ये तर 1988 च्या कायद्यानेच समुद्रकिनारे सर्वांना खुले आहेत. अशा ठिकाणी हॉटेल छत्री, खुर्ची आणि टॉवेल देते, वाळू नव्हे.

वाचलेल्या पैशांतून दोन गोष्टी कराव्यात. पहिली, सगळ्या दिवसांसाठी नाही तरी दोन दिवस चालकासह गाडी घ्यावी, म्हणजे आईंना प्रत्येक ठिकाणी दारापाशी उतरता येईल. दुसरी, केवळ आपल्या कुटुंबापुरती बोट, आणि तीही सकाळी. दिवस चढतो तशी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर उठते आणि समुद्राकडून वारा वाहू लागतो. दुपारी तो जोर धरतो. म्हणून इतर कारणांनी समुद्र खवळलेला नसेल तर सकाळचे पाणी बहुधा शांत असते आणि ज्येष्ठांना बोट लागण्याची शक्यताही कमी असते. जुन्या भव्य हॉटेलात राहणे शक्य नसेल, तर त्याच्या गच्चीवर एक संध्याकाळ चहा घ्यावा. बाहेरच्या पाहुण्यांना आधी आरक्षण लागते का, एवढे विचारून ठेवावे.

पाऊलवाट

तिघांचेही मनापासून आभार. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, “मला दोनदा बिऱ्हाड हलवायला लावू नका.” त्यामुळे एकच हॉटेल, तिसऱ्या मजल्यापर्यंतची खोली, शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत मुक्काम आणि एका सकाळी बोट असे ठरवत आहोत. खोली कोणत्या दिशेला आहे, हे विचारणारे पत्र आजच पाठवले. बोटीची सकाळ निवडताना भरती-ओहोटीचा विचार करावा लागतो का?

उधाण

जरूर करावा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत जास्त चढते आणि तितकेच खाली जाते. अशा दिवसांत ओहोटीच्या वेळी धक्का आणि बोट यांच्या उंचीत बराच फरक पडू शकतो, आणि आईंना खाली उतरणे अवघड जाईल. तेव्हा ते दिवस टाळून, सकाळी आठ-नऊच्या सुमारास पाणी भरलेले असेल असा दिवस निवडा आणि धक्क्याला पायऱ्या आहेत की तरंगता फलाट, हे बोटवाल्याला आधी विचारा.