'डोपिंग'ला मराठीत काय म्हणावं: उत्तेजक, मादक की बंदीचं औषध?

कडकभाकरी: पेपरात 'उत्तेजक द्रव्य चाचणीत दोषी' असं येतं, कधी 'मादक द्रव्य'ही. सोलापुरात पोलीस भरतीसाठी १०० मीटर पळणारी पोरं यातलं काहीच म्हणत नाहीत. त्यांच्या तोंडी 'सुई', नाहीतर सरळ 'खुराक'. नेमका शब्द कोणता?

लेनचार: 'उत्तेजक' नक्की नाही. उत्तेजक म्हणजे तरतरी आणणारं. बेन जॉन्सन १९८८ ला सोलमध्ये ९.७९ सेकंदांत पळाला आणि त्याच्या लघवीत सापडलं स्टॅनोझोलॉल, म्हणजे ॲनाबॉलिक स्टेरॉइड. शर्यतीच्या सकाळी घेऊन त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याचं काम आठवडेच्या आठवडे चालतं: स्नायूत प्रथिनं बांधली जातात, जड सरावानंतर स्नायू लवकर भरून येतो, त्यामुळे पुन्हा तितकाच सराव झेपतो. पूर्ण वेगात चवडा जमिनीला टेकतो तो सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. तेवढ्यात रेटा किती देता यावर सगळं. 'सुईनं ढांग वाढते' म्हणतात ते इथूनच आलं. ढांग रेट्यातून वाढली तर ठीक. मुद्दाम लांब टाकली की पाऊल शरीराच्या फार पुढे पडतं, दर पावलाला ब्रेक लागतो आणि मांडीमागचा स्नायू ताणून फाटू शकतो.

शब्दवेडा: उलट बाजूही बघा. कॉफीतलं कॅफिन खरंखुरं उत्तेजक, पण २००४ पासून त्यावर बंदी नाही. आणि २००८ ला बीजिंगमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग सू याची दोन पदकं गेली ती प्रोप्रॅनोलॉलमुळे. ते हृदयाचे ठोके मंद करतं, हाताची थरथर कमी करतं. त्याला 'उत्तेजक' कोणत्या तोंडानं म्हणायचं? 'मादक' तर त्याहून तोकडा. नशेचे पदार्थ हे खेळातल्या बंदीच्या यादीचा एक कोपरा.

कडकभाकरी: मग 'प्रतिबंधित द्रव्य'?

लेनचार: कागदोपत्री चालेल. पण स्वतःचंच रक्त काढून ठेवून स्पर्धेआधी परत चढवणं हेही डोपिंगच, त्यात परकं द्रव्य कुठंय? चाचणीसाठी नमुना द्यायला नकार देणं किंवा चाचणीवाल्यांना स्वतः कळवलेल्या ठिकाणी १२ महिन्यांत ३ वेळा न सापडणं, हेही नियमभंगच. 'द्रव्या'त हे मावत नाही. कृतीला 'डोपिंग'च राहू द्या, रुळलेला शब्द आहे.

शब्दवेडा: मी 'कुपथ्य' सुचवणार होतो, पण कुपथ्यानं बिघडतं ते स्वतःचंच. इथं शेजारच्या लेनमधल्याचं पदक जातं.

लेनचार: मला खरी काळजी 'खुराक'ची आहे. तालमीतला खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई. तोच शब्द सुईला लावला की पोराच्या आईलाही ते पौष्टिकच वाटतं. सोळा-सतराव्या वर्षी स्टेरॉइड घेतलं तर हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची पट्टी वेळेआधी मिटू शकते, मग उंची तिथंच थांबते. आणि भरतीत पुरुषांना १६५ सेंटिमीटर लागतात! डब्यातल्या पावडरीतही लेबलवर न लिहिलेलं स्टेरॉइड निघू शकतं. शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटका नाही.

गोळीचिठ्ठी: बोलीत 'बंदीचं औषध' सगळ्यात सरळ. फक्त त्यासोबत 'केव्हा' आणि 'किती' हेही यायला हवं. स्टेरॉइडला बारमाही बंदी. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन मात्र स्पर्धेपुरतं बंद, तेही लघवीत दर मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर. स्पर्धेचा काळ साधारणपणे आदल्या रात्री ११.५९ पासून धरतात, त्यामुळे संध्याकाळची गोळीसुद्धा महागात पडते. औषध घेताना कंपनीचं नाव नाही, घटक वाचायचे. फिनाइलेफ्रिन असेल तर त्यावर बंदी नाही. नावं सारखी वाटतात, गल्लत इथंच होते.

शब्दवेडा: म्हणजे कृतीला 'डोपिंग', वस्तूला 'बंदीचं औषध', तपासणीला 'डोप चाचणी'. आणि बातमीत 'उत्तेजक सेवन' लिहिण्यापेक्षा सापडलेल्या औषधाचं नावच छापावं: 'नमुन्यात स्टॅनोझोलॉल आढळले'.

कडकभाकरी: हे पटलं. 'खुराक' दूध-बदामालाच ठेवू.