जळगावचा रथोत्सव: रथ नीट कुठून दिसेल?

चोपडेकर: राम राम मंडळी. कार्तिकी एकादशीला म्हातारी आई आणि लहान मुलगी सोबत आहेत. उभं कुठे राहावं?

जुनं गाव: भाऊ, चौकातलं वळण टाळा. रथाला स्टिअरिंग नाही. चाकाखाली लाकडी मोगरी, म्हणजे पाचरीसारखा ठोकळा, सरकवून तो वळवतात आणि थांबवतात. मोगरी बसली की रथ जागीच अडतो, मागचा भाग बाहेरच्या बाजूला येतो आणि तिथली माणसं भिंतीशी दाबली जातात. सरळ रस्त्यावर, गल्लीच्या तोंडाशी थांबा, म्हणजे मागे निघायला वाट राहते. आईंसाठी एखादा ओटा आधीच विचारून ठेवा. जुन्या जळगावात राम मंदिराजवळ रथ निघतानाची गर्दी फार दाट असते, तिथे त्यांना नेऊच नका.

दाणाबाजार: मोगरीवाले चाकालगत वाकून काम करतात, खाली बघत. त्यांच्या वाटेत मोबाईल धरून शिरू नका, प्रसादाचं केळं खाली पडलं तरी वाकू नका. मागून लोंढा येत असतो.

जुनं गाव: आणि पोरीला खांद्यावर घ्यायचं तर भिंतीला टेकून, शेवटच्या रांगेत. पुढे घेतलं की मागच्या दहा जणांचं दर्शन जातं.

चोपडेकर: रथ पुढे गेला की लगेच निघावं?

दाणाबाजार: नाही, पाच-दहा मिनिटं थांबा. रथामागे चालणारे पुढे सरकू द्या, मग उलट दिशेने निघा. दर्शन चुकलंच तर भिलपुऱ्याकडे या. लालशा बाबांच्या दर्ग्यापाशी रथ थांबतो, तिथे चादर चढवतात.