शब्दचर्चा: एफोद, ऊरपट आणि मंदिल

प्रश्न: मराठी बायबलात निर्गम या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात इस्राएलाचा पहिला मुख्य याजक (पुरोहित) अहरोन याच्या वस्त्रांची नावे येतात: ऊरपट, एफोद, झगा, अंगरखा, मंदिल, कमरबंद. बाकीचे शब्द आपल्या ओळखीचे, एफोद तेवढा हिब्रूच राहिला. त्याला ‘उपरणे’ का म्हणू नये? आणि ऊरपट म्हणजे छातीवरचे चिलखत का?

उत्तर: एफोद तसाच ठेवला हे उत्तम झाले. उपरणे आपण खांद्यावर नुसते टाकतो. मुख्य याजकाचा एफोद सोन्याची तार, निळे, जांभळे, किरमिजी सूत आणि तलम कापड एकत्र विणून केलेला असे. त्याला दोन खांदपट्ट्या होत्या आणि तो अंगाशी आवळायला त्याच विणीचा पट्टा होता.

शिवाय हा शब्द एका अर्थावर थांबत नाही. शिलो येथील देवस्थानात सेवा करणारा लहानगा शमुवेल, पुढे संदेष्टा झालेला, साधा पांढरा एफोद घालतो. कराराच्या कोशापुढे, म्हणजे पवित्र पेटीपुढे, नाचताना दावीद राजाही तसाच घालतो. शास्ते या पुस्तकाच्या ८व्या अध्यायात मात्र इस्राएलाचा पुढारी गिदोन लुटीतल्या सोन्याचा एफोद करून आपल्या गावी ठेवतो आणि लोक त्याच्या भजनी लागतात. ते वस्त्र होते की मूर्तीसारखे काही, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पुढे दावीद अब्याथार याजकाला एफोद जवळ आणायला सांगतो आणि लगेच देवाकडे कौल मागतो. इतके सगळे ‘उपरण्या’त मावणार नाही.

ऊरपट चिलखत नव्हे. हिब्रूत तो ‘होशेन’. एफोदासारख्याच विणीचे कापड दुमडून केलेला, एक वीत लांब, एक वीत रुंद असा चौकोन. घडीत उरीम व थुम्मीम, म्हणजे कौल घेण्याची साधने. म्हणूनच त्याला न्यायाचा ऊरपट म्हटले आहे. ‘पट’ म्हणजे मुळात वस्त्र, तेव्हा मराठी शब्द अगदी नेमका आहे. पत्र्याचे चित्र मनात येते ते ‘ब्रेस्टप्लेट’ या इंग्रजी शब्दामुळे.

त्यावर चार ओळींत बारा रत्ने आणि प्रत्येकावर इस्राएलाच्या एका वंशाचे नाव. खांद्यांवरच्या दोन रत्नांवरही हीच बारा नावे, सहा-सहा करून, जन्माच्या क्रमाने. मला या साऱ्या पोशाखाचे मर्म इथे दिसते. पवित्रस्थानात पाऊल टाकतो एकटा अहरोन, पण आपल्या लोकांना खांद्यावर आणि काळजापाशी घेऊन. निर्गम २८:१२ आणि २८:२९ मध्ये हे स्पष्टच सांगितले आहे.

आणखी एक मुद्दा: कापडासाठी मराठी बायबलात ‘तलम सण’ येतो. सण म्हणजे आपल्याकडे दोरखंडाचा वाख. याजकांचे कापड जवसाच्या झाडाच्या धाग्याचे होते, मऊ आणि पांढरे. आपण जवस तेलासाठी पेरतो, त्यामुळे त्याचे कापड सहज डोळ्यासमोर येत नाही. लोकर आणि हा धागा एकत्र असलेले वस्त्र घालायला बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (२२:११) सर्वांनाच मनाई आहे. एफोदातले रंगीत सूत मात्र यहुदी परंपरेनुसार लोकरीचे. इतरांना वर्ज्य असलेली वीण वेदीपाशी विहित ठरते, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

आणि वर्षातून एकदा येणाऱ्या प्रायश्चित्ताच्या दिवशी परमपवित्रस्थानात, म्हणजे सर्वांत आतल्या गाभाऱ्यात, जाताना हे सोने, रत्ने सगळे उतरवायचे. लेवीय १६ प्रमाणे त्या वेळी अंगावर फक्त साधी पांढरी वस्त्रे: अंगरखा, चोळणा, कमरबंद, मंदिल.

प्रश्न: मंदिल म्हणजे जरीचा फेटाच ना?

उत्तर: आपल्याकडे जरीचा, तिथे नाही. ‘मित्सनेफेत’च्या मुळाशी गुंडाळण्याचा अर्थ आहे आणि ते कापड बिनजरीचे. सोने होते ते पुढच्या पट्टीत. निळ्या फितीने ती मंदिलाला बांधत आणि तिच्यावर कोरलेले असे: ‘परमेश्वरासाठी पवित्र’.