हवामान-फुगा सोडण्याचा विद्यार्थी प्रकल्प : जागा, महिना आणि कामवाटणीबद्दल सल्ला हवा आहे

प्रश्न (विज्ञान शिक्षिका, निपाणी)

नमस्कार. आमच्या महाविद्यालयातील बारा विद्यार्थ्यांचा गट तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता मोजणारा लॅटेक्सचा फुगा सोडू इच्छितो. उपकरणांची पेटी एक किलोच्या आत बसेल. विद्यार्थ्यांना पावसाळा संपताच, सप्टेंबरअखेर, खानापूरच्या बाजूच्या मोकळ्या माळावरून फुगा सोडावा असे वाटते. जागा व महिना योग्य आहे का, आणि कामे कशी वाटावीत?

उत्तर (हौशी रेडिओचालक, बेळगाव)

मॅडम, फुगा कोठून सोडायचा यापेक्षा पेटी कोठे उतरू द्यायची, हे आधी ठरवा. पावसाळ्यात आपल्याकडे उंचावर, साधारण १२ ते १६ किलोमीटरच्या पट्ट्यात, पूर्वेकडून जोराचे वारे वाहतात. सप्टेंबरअखेरही ते पुरते ओसरलेले नसले, तर खानापूरहून सोडलेली पेटी भीमगड, चोर्ला किंवा गोव्याच्या जंगलात उतरण्याचा धोका आहे आणि तेथे ती शोधणे जवळजवळ अशक्य होईल. हिवाळ्यात वरचा वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे निपाणी परिसरातून सोडलेला फुगा रायबाग, गोकाक, जमखंडीच्या सपाट भागाकडे जातो. त्यातही मी फेब्रुवारी सुचवेन, कारण डिसेंबरात चिकोडी-रायबागकडचा बराचसा ऊस उभा असतो आणि उसाच्या फडात पडलेली पेटी दहा पावलांवरूनही दिसत नाही. फेब्रुवारीपर्यंत पुष्कळ तोडणी झालेली असते. हिडकल जलाशय मात्र मार्गात येऊ शकतो. म्हणून आदल्या दिवशीच्या वाऱ्याच्या अंदाजावरून उतरण्याची जागा काढावी आणि ती पाण्यावर येत असल्यास उड्डाण निःसंकोच पुढे ढकलावे.

परवानगीचे काम आजच सुरू करा. निपाणीच्या उत्तरेस कोल्हापूरचा विमानतळ आहे आणि दक्षिणेस सांबऱ्याचा, जेथे वायुसेनेचेही ठाणे आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आणि हवाई वाहतूक नियंत्रण यांच्या लेखी संमतीशिवाय सिलिंडर विकतसुद्धा घेऊ नका. पोलीस ठाण्यालाही पत्र द्यावे.

उत्तर (इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक, बेळगाव)

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. उपकरणांबद्दल थोडे लिहितो. सेकंदाला ५ मीटर वेगाने चढणारा फुगा ३० किलोमीटर उंची गाठायला सुमारे १०० मिनिटे घेतो. तेथे हवेचा दाब जमिनीजवळच्या साधारण शंभराव्या भागाइतका उरतो, म्हणून फुगा फुगत जाऊन फुटतो आणि पेटी पॅराशूटने खाली येते. वाटेत १७ किलोमीटरच्या आसपास तापमान उणे ८० अंशांपर्यंत उतरते. साध्या अल्कलाइन सेलऐवजी एकदाच वापरायचे लिथियम सेल घ्या आणि भरलेली पेटी शीतपेटीत काही तास चालवून पाहा. अनेक जीपीएस १८ किलोमीटरच्या वर स्थान देणे थांबवतात. उंच उड्डाणाची सोय असलेलेच निवडा. सिमकार्डावर चालणारा ट्रॅकर उंचावर निरुपयोगी असतो, मात्र उतरल्यावर दुसरा आधार म्हणून ठेवण्यासारखा आहे. वायू हेलियमच घ्यावा. हायड्रोजन स्वस्त असला तरी पेट घेतो, आणि मुलांच्या हाती तो देणे मला मान्य नाही.

कामवाटणीत शोधपथकाला सर्वांत कमी महत्त्व दिले जाते, हे मला खटकते. या पथकात उत्तम कन्नड बोलणारे किमान दोन विद्यार्थी असावेत, कारण पेटी ज्या शेतात उतरेल तेथील शेतकऱ्याशी त्याच्याच भाषेत बोलून, त्याच्या परवानगीने आत जायचे आहे. पेटीवरही कन्नड आणि मराठी दोन्हींत महाविद्यालयाचे नाव, संपर्क क्रमांक आणि ‘हे हवामान मोजण्याचे निरुपद्रवी उपकरण आहे’ असे ठळक लिहावे.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. खानापूरचा विचार सोडला आहे. परवानगीच्या अर्जाचा मसुदा याच आठवड्यात विद्यार्थ्यांकडून लिहून घेते. भारतीय हवामान विभागाचे फुगे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सोडले जातात. आम्हीही पहाटेची वेळ धरावी का?

उत्तर (हौशी रेडिओचालक, बेळगाव)

सकाळी सातच्या सुमारास सोडा. तेव्हा जमिनीलगतचा वारा मंद असल्याने फुगा भरणे सोपे जाते, आणि पेटी शोधायला दिवसाचा उजेडही पुरेसा मिळतो.