वाळवी परत परत येतेय, दाराची चौकट काढावी लागेल का? मदत हवी आहे

दोन महिन्यांपूर्वी बेडरूमच्या दाराच्या चौकटीवर मातीची एक रेघ दिसली, पेन्सिलीएवढी जाड, फरशीपासून वर गेलेली. मला वाटलं कुंभारमाशीचं काहीतरी असेल, झाडूने पाडली, फडका मारला, विषय संपला. आठ दिवसांत रेघ परत त्याच जागी हजर! मग स्प्रे आणून भरपूर मारला, दहा-पंधरा किडे मेलेले बघून बरं पण वाटलं, आणि आता चौकटीच्या दुसऱ्या अंगाने नवीन रेघ निघालीय. काल स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर आत लाकूडच नाही हो, नुसता पेंटचा पापुद्रा, टोक सरळ आत. आता अख्खी चौकट काढायची का? घरात दोन वर्षांचं मूल आहे, औषधाची भीती वाटते. आणि आजोबांच्या सागवानी टेबलाखाली रोज टाल्कम पावडरसारखी पूड पडतेय, ती पण वाळवीच का? सागाला लागत नाही म्हणतात ना?

सुतारपक्षी: टेबलाचं आधी सांगतो, ती वाळवी नसावी. अशी बारीक पूड म्हणजे लाकूड पोखरणारे भुंगेरे. टेबल उलटं करून बघा, टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसतील. पूड न पडता वाळूसारखे टणक दाणे पडत असते तर मात्र कोरड्या लाकडातल्या वाळवीचा संशय घेतला असता. साग टिकतो तो गाभ्याचा, कडेचं पांढरं लाकूड कोणीही खातं. टेबल तोवर बाकीच्या फर्निचरपासून लांब ठेवा.

जुनावाडा: रॉकेल ओता, आमच्याकडे तेच करायचे.

पेस्टवाला: रॉकेल नको, आग लागायची भीती आणि वसाहतीपर्यंत ते पोचतही नाही. ताई, मी हेच काम करतो. ती रेघ म्हणजे त्यांचा झाकलेला रस्ता, अंग मऊ असतं, उघड्यावर सुकून मरतात म्हणून मातीच्या नळीतून येजा करतात. तुम्ही मारले ते मजूर, राणी बहुतेक जमिनीत कुठेतरी बसलीय. बऱ्याचशा घरगुती स्प्रेंचा त्यांना सुगावा लागतो, मग बाजूने वाट काढतात, तुमच्याकडे तेच झालेलं दिसतंय. इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिल ही वाळवीची औषधं मात्र त्यांना कळत नाहीत, त्यातून फिरतात, अंगाला लावून घेतात आणि एकमेकांना देतात. भिंत आणि फरशीच्या सांध्यात साधारण 12 मिमीची भोकं, दर 30 सेंमीवर, त्यात औषध भरून वरून सिमेंट. चौकटीत वेगळी तिरकी भोकं. माणूस येईपर्यंत नळी झाडू नका, फक्त इंचभर तोडा, दोन-तीन दिवसांत बुजवली तर आत हालचाल चालू आहे. औषध स्वतः कालवत बसू नका, आणि सगळं सुकेपर्यंत बाळाला त्या खोलीत आणू नका. एक विचारतो, त्या भिंतीपलीकडे काय आहे?

धागाकर्ती: बाथरूम! आत्ता हात लावून बघितलं, नळाच्या खालची भिंत गार आणि ओलसर लागतेय. इतके दिवस लक्षच नाही गेलं. नळी पण तोडून ठेवलीय.

पेस्टवाला: मग आधी प्लंबर, नंतर आम्ही. ओल राहिली तर औषध मारूनही त्या जागेची ओढ सुटत नाही.

सुतारपक्षी: चौकट वर टोचून बघा. छातीच्या उंचीला लाकूड घट्ट लागलं तर खालचा तुकडा कापून नवा सांधता येतो, पण तो औषधानंतर, आणि नव्या तुकड्याला बसवायच्या आधीच सगळ्या बाजूंनी बोरॅक्स-बोरिकवालं लाकडाचं औषध लावून घ्या, पेंटवरून ते मुरत नाही. तोवर त्या पापुद्र्यावर पुट्टी मारून रंगवू मात्र नका, आत काय चाललंय ते दिसत राहू दे.

धागाकर्ती: वर घट्ट आहे!! गुडघ्याच्या खालीच पोकळ. प्लंबर उद्या येतोय, नळी बुजवली का ते परवा सांगते.