मदत हवी आहे: दाबाखाली गार पाणी पातळ होतं, मग ग्लिसरॉल का नाही?

मंडळी, एमएस्सीच्या सेमिनारला हायड्रोजन बंध (शेजारच्या रेणूंमधली हायड्रोजनमार्फतची ओढ) असलेले द्रव हा विषय घेतलाय आणि एका जागी अडकलेय.

तापमानाचं कळतं. पाण्याची श्यानता (वाहण्याला होणारा विरोध, म्हणजे दाटपणा) ० अंश सेल्सिअसला साधारण १.८ मिलिपास्कल-सेकंद, २५ अंशांना ०.८९. ऊब वाढली की बंध भराभर तुटतात-जुळतात, रेणू चटकन वळतात. ग्लिसरॉलचंही तेच, फक्त अतिच: २० अंशांना १४०० च्या आसपास, ६० अंशांना शंभराच्या आत.

घोडं पेंड खातंय ते दाबापाशी. राँटगेनने (हो, तोच, क्ष-किरणवाला) १८८४ मध्येच दाखवलं होतं की गार पाण्यावर दाब वाढवला की श्यानता आधी कमी होते. साधारण ३३ अंशांखाली हे दिसतं. ० अंशाजवळ शे-दोनशे मेगापास्कलच्या दरम्यान ती तळ गाठते आणि मग चढू लागते. कारण असं वाचलं की दाबामुळे पाण्याची चौफलकी (प्रत्येक रेणूभोवती चार शेजारी असलेली), पोकळ जाळी वाकते, पाचवा शेजारी रेणू आत घुसतो आणि बंधांची अदलाबदल सोपी होते. पटलं.

पण ग्लिसरॉलच्या एका रेणूत तीन हायड्रॉक्सिल (OH, हायड्रोजन बंध करणारे) गट आहेत, बंधांचं जाळं तिथेही आहे. तरी दाब वाढवला की ते नुसतं घट्टच होत जातं. त्याची जाळी मुळात पोकळ नसते, एवढंच कारण पुरेसं आहे का? की कार्बनची साखळी आड येते?

शिवाय संगणकावर सिम्युलेशन करताना नेमकं काय मोजू? बंधांची संख्या दाबाने फारशी हलत नाही, म्हणून बंधाचं आयुष्य की रेणू वळायला लागणारा वेळ? कुणी हे केलं असेल तर प्लीज सांगा. सेमिनार पुढच्या गुरुवारी आहे.