पोकारीचं गाणं म्हणजे नुसती जिंगल? छे!

सुरवंट:
काल इथे 'पडवीतला' यांनी लिहिलं की पोकारी स्वेटसारख्या जपानी कोल्ड्रिंकच्या जाहिरातींतली गाणी म्हणजे पंधरा सेकंदांचा गोंगाट, आणि ज्यांना ती आवडतात त्यांना यूट्यूबने दुसऱ्याचं बालपण विकलंय. खाली वाहवा करायला रांग. तिथे उत्तर द्यायला बसले तर ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा.

तुम्ही जिंगल आणि गाण्यात सरळ गल्लत करताय. 'हातोमुगी, गेन्माई, त्सुकिमिसो' करत सोकेनबिचा चहात काय काय घातलंय ते सुरात सांगणं, ही जिंगल. (एकदा ऐकली की आठवडाभर डोक्यातून जात नाही, तो भाग वेगळा.) पण १९७३ मध्ये 'हॅपी एंड' बँडवाल्या ओताकी एइइचींनी मित्सुया सायडर या सोड्यासाठी 'सायडर ७३' केलं ते ऐकलंय का? मग ७४, ७५, ७७. १९७७ मध्ये त्यांच्या निव्वळ जाहिरातींच्या गाण्यांची एलपी निघाली. फुकट कानावर पडणारी गाणी लोकांनी पैसे देऊन घ्यावीत अशी! आपल्याकडे कुणी काढली होती का?

पुढे १९९३. पोकारी स्वेटच्या जाहिरातीत अभिनेत्री इश्शिकी साए आणि मागे झार्ड या बँडचं 'युरेरु ओमोई'. गाणं थेट ध्रुवपदावरच उघडतं, कारण जाहिरातीत तेवढंच मावतं. नाटकाची नांदी नाही, वाट पाहायला लावणं नाही. मी पुण्यात जपानी शिकत होते तेव्हा आमच्या सेन्सेई (म्हणजे बाई) व्याकरणाचा तास आटोपला की हे लावायच्या. तेव्हा मला पोकारी म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. मग मला कुणी काय विकलं, सांगा?

पडवीतला:
नाव घेऊन धागा काढलात, उपकार झाले. आता हिशेब ऐका. पोकारी १९९३: झार्ड. १९९४: डीन. १९९५: फील्ड ऑफ व्ह्यू. १९९६: पुन्हा झार्ड. चारही गाण्यांचे शब्द झार्डच्या गायिका साकाई इझुमींचे, चारही चाली ओदा तेत्सुरोंच्या, चारही वेळा मागे 'बीइंग' या संगीत कंपनीची मंडळी. गळे तेवढे बदलले. ह्याला तुम्ही कला म्हणता? ओताकींना मध्ये आणू नका, तो माणूस अपवाद होता.

सुरवंट:
एकच कवी आणि एकच संगीतकार वर्षानुवर्षं, म्हणजे कारखाना? मग आपल्या भावगीतांचं काय करायचं? तिथे तुम्हाला 'जोडी' दिसते, जपानात 'साचा' दिसतो.

पडवीतला:
भावगीतं दरवर्षी मे-जूनमध्ये बाटलीसोबत येत नव्हती.

ओसाकाकर:
मी पडवीतला यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. इथे माझ्या हपिसात पन्नाशीतल्या एक बाई आहेत. 'युरेरु ओमोई' लागलं की म्हणतात, काय ऊन होतं त्या वर्षी! अहो, १९९३चा उन्हाळा जपानात उन्हाळाच नव्हता. इतका थंड आणि पावसाळी की बऱ्याच भागांत पाऊस संपल्याची घोषणा हवामान खात्याला नंतर मागे घ्यावी लागली. भात बुडालं, थायलंडहून तांदूळ आणावा लागला, दुकानांत रांगा. आणि ह्यांना आठवतं ते निळं आभाळ आणि घामेजलेली मुलगी. ती आठवण जाहिरातीची आहे. त्यांचा स्वतःचा उन्हाळा छत्रीत गेला.

सुरवंट:
म्हणजे गाण्याने अख्ख्या देशाचं हवामान बदललं! ओसाकाकर, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?

ओसाकाकर:
ह्याला मी कौतुक म्हणत नाही, ताई. मला भीती वाटते त्याची.

डॉ. खलबत्ता:
मधेच तोंड घालतो. पोकारी कोल्ड्रिंक कधीपासून झालं? ओत्सुका ही सलाइन बनवणारी औषध कंपनी. तिचा संशोधक मेक्सिकोला गेला, तिथे त्याला जुलाब लागले, आणि तिथल्या एका डॉक्टरला शस्त्रक्रियेनंतर सलाइनची पिशवी फोडून पिताना त्याने पाहिलं. त्यातून 'पिता येईल असं सलाइन' ही कल्पना. बाजारात आलं १९८०ला. ज्या पेयावर तुम्ही प्रेमगीतं ऐकताय त्याचं मूळ हे असं आहे.

कोकमप्रेमी:
बघा! आणि आपण कोकमाच्या आगळाचं पाणी प्यायलो की मागासलेले. तिकडे त्यात साखर ढोसून वर 'घाम' असं नाव ठेवलं की आधुनिक. आमच्या मालवणात उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात कोकम सरबत मीठ-जिऱ्यासकट देतात, त्यासाठी कुणाला गाणं लिहावं लागलं नाही. आता लग्नातसुद्धा पाहुण्यांना रंगीत बाटल्या. आमच्या भाच्याच्या लग्नात मी सोलकढी विचारली तर केटररने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अफू मागितली.

सायकलवाली:
काका, तुमच्या सरबतात साखर नसते का? असते, आणि भरपूर असते. मी घाटात सायकल चालवते, ऊन लागून एकदा रस्त्याकडेला बसले आहे. कोकमाने बरं वाटतं, पण भागत नाही.

कोकमप्रेमी:
'बरं वाटतं' म्हणे. पिढ्या जगल्या त्यावर.

डॉ. खलबत्ता:
पिढ्या मेल्याही, काका, पटकीने. आकडेच सांगतो. पोकारीत लिटरमागे ६२ ग्रॅम कर्बोदकं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम. सोडियम पोकारीत लिटरला २१ मिलिमोल, ओआरएसमध्ये ७५. तेव्हा घामासाठी पोकारी ठीक, जुलाबात ओआरएस. खुद्द ओत्सुकाही त्यासाठी 'ओएस-वन' वेगळं विकते. आणि ह्या विषयात गाणंच लिहायचं तर दिलीप महालनबीसांवर लिहा. १९७१ला बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं तेव्हा मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून ठेवलं त्या माणसाने. पद्मविभूषण मिळालं २०२३ला, मरणोत्तर.

कोकमप्रेमी:
म्हणजे मी पटकीचा पुरस्कर्ता? शोभतं का हे डॉक्टरांना? माझी आजी ब्याण्णव वर्षं जगली, हातात कधी बाटली नाही!

डॉ. खलबत्ता:
आजींना नमस्कार. एका आजीने शास्त्र ठरत नाही.

कोकमप्रेमी:
शास्त्राने आजीही होत नाही.

पडवीतला:
जुलाबांची चर्चा थांबवाल का? मी जेवायला बसलोय.

निळी_टाय:
सगळे नव्वदीतच अडकलात. २०२१ची पोकारीची जाहिरात पाहिली का? मुलगी शाळेच्या पॅसेजमधून धावते आणि पॅसेज लाटेसारखा हलतो. संगणकाची करामत नाही, खरोखरचा हलता सेट बांधला होता. गाणं 'ब्लू सोल्स', आयना द एंड आणि रॉथ बार्ट बॅरन यांचं, दोघांनी ए-ओ नावाने केलेलं. त्यात बीइंग नाही, ओदा नाही. आता बोला, साचा कुठाय?

पडवीतला:
धावणारी मुलगी, शाळेचा गणवेश, निळा रंग. साचा तुमच्या टायलाच लागलाय.

ओसाकाकर:
हाहा. हे मात्र खरं.

सायकलवाली:
आणि कोकाकोलाचं 'आय फील कोक'? १९८७चं. साटो चिकुझेनचा आवाज, हसणारे ऑफिसवाले. ते पाहून आजचे जपानी लोक खाली कॉमेंटमध्ये रडतात. ते तर पोकारीपेक्षा जास्त खोटं आहे, तरी मला आवडतं.

पडवीतला:
रडणारच. दोन वर्षांनी, १९८९च्या डिसेंबरअखेर तिथला शेअर निर्देशांक निक्केई ३८,९१५ला टेकला आणि मग जो आपटला तो कित्येक वर्षं तिथवर परत आलाच नाही. ते गाण्यासाठी रडत नाहीत, पगारासाठी रडतात.

सुरवंट:
आणि १९९०ला आमच्या गोव्याचे रेमो फर्नांडिस पेप्सीच्या जाहिरातीत जुही चावलाबरोबर 'येही है राइट चॉइस बेबी' करत होते तेव्हा तुम्ही काय करत होतात? शाळेच्या गॅदरिंगला 'आहा' म्हणत नाचत होतात, मागे एकदा तुम्हीच इथे लिहिलंय. सापडलं मला.

पडवीतला:
जुने प्रतिसाद उकरणं हा हलकेपणा आहे.

सुरवंट:
उत्तर द्या.

पडवीतला:
नाचलो. पण मी त्याला कला म्हटलं नाही, एवढाच फरक. बरं, तुमच्या समाधानासाठी 'सायडर ७३' आत्ता ऐकलं. चांगलं आहे. पुन्हाही ऐकेन, अर्थात सायडर न पिता. पोकारीची चार गाणी मात्र तुम्हालाच लखलाभ, आणि धाग्याचं नाव बदलून 'जुलाब आणि जपानी संगीत' करा.

कोकमप्रेमी:
आगळाच्या सरबताची कृती पाककृती विभागात टाकली आहे. डॉक्टरांनी आकडे घेऊन तिकडे येऊ नये.